नव्या आवृत्तीतला ड्रॅगन

आमच्या घरी आवाज थांबला की सगळ्यांना जाग यायची. बर्फाच्या कारखान्याला लागून ज्यांचं घर असेल त्यांनाच हे पटेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरकरवाडा बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्याचे मॅनेजर होते, आणि कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिलेल्या होत्या. कॉम्प्रेसरची घरघर अष्टौप्रहर चालू. त्या घरघरीत आम्ही जेवलो, भांडलो, मी परीक्षांचे अभ्यास केले, आणि आईने देवाला जे काही सांगायचं ते सगळं ओरडून सांगितलं. पण वीज जाऊन घरघर थांबली, की अण्णा गाढ झोपेतून ताडकन उठत आणि एकाच पायात चप्पल अडकवून कारखान्याकडे धावत. दुसरी चप्पल घेऊन आई मागून जायची. आज मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. इथे लोक शांततेसाठी जास्तीचे पैसे मोजतात आणि मला अजून सलग झोप लागत नाही.

अण्णा फारसं बोलत नसत. कारखान्यात बोलून उपयोग नसायचा, कारण कुणाला काही ऐकू येत नसे. आणि घरी आल्यावर बोलायची सवय उरलेली नसे. अण्णांची थोरली बहीण, कुसुमआत्या, आमच्याकडेच राहायची. ती नर्स होती आणि अण्णांच्या वाटणीचंही तीच बोलायची. वॉर्डात रुग्णांशी बोलावं त्या सुरात ती सगळ्यांशी बोलायची, त्यामुळे पाहुणे आमच्या घरी उगाचच जीभ बाहेर काढून दाखवायला तयार असत. आणि आई. आई सगळ्यांना जेवायला घालायची आणि कुणाचंच काही ऐकून घ्यायची नाही. कुळथाची पिठी, भात आणि तव्यावरचा बांगडा एवढं ताटात पडलं, की जगात ऐकण्यासारखं बाकी काही उरत नाही, असं तिचं मत होतं.

अशा घरात तो खेळ आला तो शकिलामुळे. शकिला माझी कॉलेजातली मैत्रीण, राजिवड्याला राहणारी. तिचा मोठा भाऊ लतीफभाई मालवाहू बोटीवर होता. एकदा तो सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत एक चपटं खोकं होतं. कुठल्याशा बंदरावर कायमच्या उतरून गेलेल्या सोबत्याने ते त्याला दिलं होतं. "लुडो आहे," लतीफभाई म्हणाला, "पण फासे बिघडलेत." फासे खरंच विचित्र होते. एकाला चार बाजू, एकाला आठ, आणि एकाला तर चांगल्या वीस. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. होतं ते एक जाडजूड इंग्रजी नियमांचं पुस्तक आणि एक पातळ पुस्तिका. शकिला आणि मी ते पुस्तक शब्दकोश घेऊन महिनाभर वाचलं तेव्हा उलगडा झाला. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "तुमच्यासमोर दरवाजा आहे, काय करता?" असं ती विचारणार, ते म्हणणार, "लाथ मारतो," आणि लाथ बसली की नाही ते फासा सांगणार. पातळ पुस्तिकेत एक तयार गोष्ट होती: धुक्यातला एक बुरूज, त्यात कोंडलेले गावकरी, आणि त्यांच्यावर राखणीला बसलेला एक ड्रॅगन.

इंग्रजी शब्द आमच्याच्याने पेलवेनात, म्हणून आम्ही आपले शब्द पाडले. गोष्ट सांगणारी मी, म्हणून मी सूत्रधार. माणसात किती दम उरलाय त्याचा आकडा म्हणजे जीव. "माझे किती जीव उरले?" हा प्रश्न आमच्या घरात इतका सरसकट झाला, की पाणी भरायला आलेल्या बाईने एकदा आईला बाजूला घेऊन चौकशी केली होती. माणूस अनुभवाने वर चढायचा त्या पायरीला आम्ही इयत्ता म्हणायचो. शकिलाची शेरबानू पाचव्या इयत्तेतली योद्धा होती. दोन हातांनी पेलायची तलवार, समोर कोण आहे हे बघायच्या आधी वार. कुसुमआत्या जखमा बऱ्या करणारी भिक्षुणी झाली, पण नाव तिने ठेवलं सिस्टर गोदावरी, आणि मंत्राला ती डोस म्हणायची.

अण्णा खेळायला कसे बसले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मे महिन्यात आम्ही कारखान्यातल्या फलाटावर खेळायचो, कारण अख्ख्या रत्नागिरीत तेवढी गार जागा नव्हती. अण्णा येता-जाता थांबत. एकदा आत्या आणि शकिला एका कुलपापाशी अडल्या होत्या. अण्णा मागून म्हणाले, "बिजागऱ्या काढा." सगळ्यांनी वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन आले. आयुष्यात एक किलो बर्फ इकडचा तिकडे न केलेल्या माझ्या वडिलांनी चोर व्हायचं ठरवलं. त्याचं नाव लखू. लखू खिसे कापायचा, भिंती चढायचा, आणि संकट आलं की सगळ्यांत आधी पळायचा. अण्णा लखू झाले की त्यांना वाचा फुटायची. आईला हे आवडलं असावं, कारण ती खेळाला नावं ठेवत ठेवत न चुकता आंबोळ्या पाठवायची, आणि संध्याकाळी विचारायची, "काय, मेलं का कोण आज?"

असं करत करत आमची मंडळी त्या बुरुजाच्या पायथ्याशी पोचली, आणि नेमका तेव्हाच घात झाला. फलाटावरून बर्फाची एक लादी सुटली आणि आमच्या टेबलाला लागली. मी फासे वाचवले, आत्याने चहा वाचवला, शकिलाने पुस्तिका छातीशी धरली. जाड नियमांचं पुस्तक मात्र टेबलावरून घसरलं, उतारावरून त्या लादीच्या मागोमाग गेलं आणि थेट लाद्या फोडणाऱ्या क्रशरमध्ये. कड्‌कड्‌कड् असा जो आवाज नेहमी व्हायचा त्यात या वेळी थोडी फडफड होती, एवढंच. खाली गजा तांडेलाच्या ट्रॉलरमध्ये बर्फ भरला जात होता. अण्णांनी मशीन थांबवेपर्यंत आमचे सगळे नियम चुरा होऊन समुद्रावर जायला निघाले होते.

गजा तांडेल हर्णैकडचा कोळी, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. चार-पाच दिवसांनी तो परत आला तो हातात एक ओला कागद घेऊन.

"मॅनेजरसायब, तुमचे बर्फात कागूद निघाला. सुरमईला चिकटलावता."

शकिलाने तो हळूच सोडवून उन्हात वाळवला. पुस्तकाचं अर्धं पान होतं. वर मथळा शाबूत: 'मृत्यू आणि त्यानंतर'. खाली बाकी सगळं खवल्यांनी भरलेलं. आत्या म्हणाली, "झालं, एवढंच कळायचं राहिलं होतं."

लतीफभाईला पत्र गेलं. त्याने कुठकुठल्या बंदरांवर शोधलं आणि सहा-सात महिन्यांनी सुट्टीवर आला तेव्हा खरंच पुस्तक घेऊन आला. कोरं करकरीत, रंगीत चित्रांचं, आधीच्याहून दुप्पट जाड. पण ते जुनं पुस्तक नव्हतं. नवी आवृत्ती होती. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की जुनी आता कुणी छापत नाही, सगळे नियम सुधारलेत. त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली: शकिलाचं लग्न ठरलं. मुलगा गुहागरकडचा, नोकरी कुवेतला. लग्न झालं की पंधरवड्यात तिकडे रवाना. शकिला मला हे सांगायला आली तेव्हा आधी म्हणाली, "चांगला आहे, हसतो," आणि मग लगेच म्हणाली, "विजू, बुरूज राहिलाय आपला."

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गोष्ट जुनी, नियम नवे. पुस्तिकेतला एकेक राक्षस, एकेक सापळा, एकेक माणूस जुन्या मापातून नव्या मापात आणायचा, आणि तोही लग्नाच्या आत. मला वाटलं, दोन दिवसांचं काम असेल. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठकोऱ्या बाजू घेऊन मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसले आणि पहिल्याच तासाला डोकं धरलं. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितका माणूस सुरक्षित असायचा. नव्यात बरोबर उलटं: आकडा जितका मोठा तितकं चांगलं. वीसमधून जुना आकडा वजा करायचा की नवा मिळतो, एवढंच होतं ते. पण अण्णांना पटेना.

"लखूचा आकडा पाच होता. पाचावर यायला मला वर्ष लागलं."

"आता पंधरा झाला, अण्णा."

"म्हणजे वाईट झाला."

"नाही हो, चांगला झाला. तेवढाच राहिला खरं तर."

"चांगला झाला की तेवढाच राहिला?"

कुसुमआत्या मदतीला आली. "अरे, जुन्या थर्मामीटरवर शंभर असायचे, नव्यावर अडतीस असतात. म्हणून ताप उतरला का? ताप तेवढाच." अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "मला कधी ताप येत नाही." मग त्यांना कळलं की नव्या पुस्तकात 'चोर' हा शब्दच काढून टाकलाय, त्या जागी एक सभ्य इंग्रजी शब्द आहे, ज्याचा अर्थ साधारण 'चलाख गडी' असा. हे तर त्यांना फारच लागलं. "नाव बदललं म्हणजे धंदा बदलतो का? लखू चोर आहे. लिही, चोर." मी लिहिलं. आत्याची अडचण वेगळी होती. सिस्टर गोदावरीच्या डोसांची नावं बदलली होती आणि दिवसाला किती द्यायचे तेही बदललं होतं. ते सगळं तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. आमच्याकडेही असंच करतात. औषध तेच, बाटली नवी, आणि नर्सने पुन्हा पाठ करायचं."

आता या खेळाच्या आणखी कितीतरी आवृत्त्या निघाल्या असाव्यात. शकिलाचा मुलगा कॉम्प्युटरवर खेळतो, आणि बेरजा-वजाबाक्या म्हणे कॉम्प्युटरच करतो. मी त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं, मग तुम्ही भांडता कशावरून? त्याला प्रश्न कळला नाही.

सगळं भाषांतर झाल्यावर आम्ही एक रंगीत तालीम घेतली. बुरुजाच्या तळघरात एक अवाढव्य कोळी होता, म्हणजे जाळं विणतो तो. इंग्रजीत सरळ 'मोठा कोळी' असंच होतं, मी त्याला महाकोळी केलं होतं. कॉम्प्रेसरची घरघर चालू, त्यामुळे आम्ही सगळे घसा फोडून बोलत होतो. शेरबानू जाळ्यात अडकली आणि कुसुमआत्या उभी राहून ओरडली, "मारा त्या कोळ्याला! पाय तोडा त्याचे! सोडू नका मेल्याला!"

मागून आवाज आला, "कोन मारतंय कोळ्याला?"

फलाटाच्या पायरीवर गजा तांडेल उभा. बर्फाची वेळ विचारायला आला होता. आमच्या सगळ्यांचे चेहरे पांढरे झाले, फक्त आत्याचा सोडून. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला नाही. आठ पायांचा आहे तो."

"आठ पायांचा?"

"छपरावर असतो ना, जाळं करून? तो. पण म्हशीएवढा."

गजा तांडेलाने टोपी मागे सरकवली. मग पायरीवरच बसला. "असा सांगा ना," तो म्हणाला. "मंग कोळी जिंकूदे." त्यानंतर तो हटेना. महाकोळ्याच्या वतीने मी फासा टाकला की तो हात चोळायचा, वार बसला की "शाब्बास रे माझ्या वाघा!" आणि कोळ्याचं खरंच चांगलं चाललं होतं. जुन्या नियमांत जे जनावर दोन वारांत मेलं असतं, त्याने नव्या नियमांत शेरबानूला गुंडाळलं, सिस्टर गोदावरीला डंख मारला आणि लखूला पळायलाही वाट ठेवली नाही. शेवटी कसाबसा मेला. गजा तांडेल उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "चांगला लढला. माझी बोट भरा आता."

शकिला हसत होती, मी मात्र कोळ्याने घेतलेले जीव मोजत होते. कोळ्याने जर ही गत केली तर ड्रॅगनचं काय? त्या दुपारी मी पुस्तकातलं ड्रॅगनचं पान नीट वाचलं. जुन्या नियमांत त्याचे साठ जीव होते. नव्यात तीनशेच्या घरात. एकदा आग ओकला की टोपलीभर फासे टाकायचे आणि सगळ्यांची बेरीज. मी एकटीने, सगळ्यांच्या वतीने फासे टाकून ती लढाई करून बघितली. सगळे मेले. पुन्हा केली. पुन्हा मेले. आईने कुकरच्या शिट्टीवर ओरडून विचारलं, "मेलं का कोण?" आणि मी म्हटलं, "सगळे."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर ते मांडलं. म्हटलं, "सरळ हिशेबाने केलं तर आपण वाचत नाही. ड्रॅगनचे थोडे जीव कमी करू का?" आत्याला पटण्यासारखं होतं, ती म्हणाली, रुग्णाच्या अंगात ताकद किती ते बघून औषध कमी-जास्त करतातच. अण्णा म्हणाले, "आपली माणसं नव्या मापाने मोजलीस ना? मग त्यालाही नव्याच मापाने मोज. एकाला एक माप, दुसऱ्याला दुसरं, असं नाही चालत." शकिला फासे गोळा करत राहिली. मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले तेव्हा बोलली.

"विजू, लटकं नको करूस."

"अगं पण शेवटचा खेळ आहे. मेली शेरबानू तर?"

"तर मरूदे." तिने रस्त्याकडे बघत ओढणी सारखी केली. "घरी सगळे सध्या माझ्याशी गोड बोलतायत. अम्मी मला भांडी घासू देत नाही. लतीफभाई भांडत नाही. मी काही म्हटलं की सगळे होय होय म्हणतात. कुवेत कसं आहे विचारलं, तर म्हणतात, छान आहे. कोण गेलंय त्यांच्यातलं? एवढा एक तरी खेळ खरा खेळू."

एसटी आली आणि ती गेली. मी ड्रॅगनचा एकही जीव कमी केला नाही.

पण दिवस सापडेना. कपडे, दागिने, पाहुणे, आमच्याकडे बर्फाचा हंगाम. शेवटी उरला तो मेंदीचा दिवस. शकिलाला त्या दिवशी घराबाहेर पडता येणार नव्हतं, म्हणून खेळ तिच्या घरी न्यायचा ठरला. आम्ही चौघं, आईसुद्धा, दुपारी राजिवड्याला गेलो. घर माणसांनी फुललेलं. मागच्या दारी वडे तळले जात होते आणि मटणाचा वास रस्त्याच्या वळणापर्यंत येत होता. आत सगळ्या बायका, आणि अण्णांना बायकांच्या मेंदीत कसं बसवायचं हा प्रश्न. लतीफभाईने तो सोडवला. शकिला खिडकीला लागून बसली होती, खिडकीबाहेर पडवी. अण्णांना पडवीत खुर्ची दिली. ते खिडकीच्या गजांतून आत बोलणार, आणि फासे ताटलीतून इकडून तिकडे जाणार. चोराला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

दुसरा प्रश्न शकिलाच्या हातांचा. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीने भरलेले. फासा कोण टाकणार? मी सूत्रधार, खेळणाऱ्यांचा फासा मी टाकायचा नाही. शकिलाची फुफी, म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, तिथेच बसून सकाळपासून एकच तक्रार करत होती. "पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाय. आमच्या लग्नात आम्ही आठ दिवस रडलो. ही हसते. उद्या पाहुणे काय म्हणतील?" तिने आमची घोळाघोळ बघितली आणि हात पुढे केला. "हा काय ता? द्या इकडे, मी टाकते."

मी बुरुजाचं दार उघडलं. धुकं, कोंडलेले गावकरी, आणि वरच्या मजल्यावर तो. पहिल्याच फेरीला ड्रॅगन आग ओकला. सिस्टर गोदावरी खांबाआड गेली, लखू कुठे होता ते त्याने सांगितलंच नाही, आणि शेरबानूचे निम्मे जीव गेले. मग शेरबानूची पाळी. फुफीने फासा मुठीत धरला, त्यावर फुंकर घातली आणि ताटात टाकला. वीस! शकिला बसल्या जागी उडाली, मेंदी काढणारी ओरडली, आणि बाहेर पडवीत कुणाला काही माहीत नसताना पुरुषांनीही टाळ्या वाजवल्या. फुफी म्हणाली, "अजून टाकू?"

आता तिला कोण थांबवणार! प्रत्येक वाराला ती मांडी ठोकत होती. आतल्या बायका शेरबानूच्या बाजूने झाल्या होत्या, पडवीतले पुरुष लखूच्या. आत्याचे डोस संपत आले. तीनशे जीवांतले शंभर गेले असतील-नसतील, आणि शेरबानूकडे नऊ उरले होते. शकिला खिडकीकडे वळून म्हणाली, "अण्णा, आत्या, तुम्ही गावकऱ्यांना घेऊन जिना उतरा. मी दार अडवते."

"आणि तू?" आत्याने विचारलं.

"मी येते मागून."

ती येणार नाही हे सगळ्यांना कळलं. ड्रॅगनचा वार मी सगळ्यांच्या देखत ताटात टाकला. बसला. नऊचे शून्य झाले. जुन्या नियमांत तिथेच संपलं असतं. नव्यात पडलेल्या माणसाला एक शेवटचा फासा होता. दहाच्या वर आला की जगला. फुफीने बिस्मिल्ला म्हणून फासा टाकला. तो ताटाच्या कडेला आपटून गादीवर गेला, उशीला टेकून थांबला.

दोन.

"हे बारा आहे काय गो?" फुफीने हळूच विचारलं.

"दोन."

"पहिला मोजू नको. हात ओला होता माझा. परत टाकते."

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. गजांतून अण्णा बघत होते. मी शकिलाकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"शेरबानू मेली," मी म्हटलं.

शकिला आधी हसली. "मेली," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, हात वर धरून, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. मी पुसायला लागले आणि मीही रडायला लागले. पण आमच्या दोघींहून मोठ्याने फुफी रडत होती. "मी मारली गो तिला! या हातांनी मारली! रडू नको पोरी, रडू नको!" स्वयंपाकघरातून शकिलाची आई झारा घेऊन धावत आली.

"अल्ला! कोण मेलं?"

"शेरबानू!" फुफी म्हणाली.

"कोण शेरबानू? गुहागरची?"

माझ्या आईने तिला धरून बसवलं आणि समजावलं. एवढ्या वर्षांत एकदाही फासा हातात न घेतलेल्या माझ्या आईने ड्रॅगनपासून इयत्तेपर्यंत सगळं एका दमात, एकही चूक न करता सांगितलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "विजू, लखू परत फिरतो."

लखू कधीच परत फिरला नव्हता. पुढे निघून गेलेला लखू जिना चढून आला, ड्रॅगनच्या मागून गेला आणि त्याने शेपटीच्या बुंध्यात सुरा खुपसला. नव्या नियमांत चोराच्या अशा वाराला मूठभर फासे मिळतात. लतीफभाईने बेरीज ओरडून सांगितली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लागला," मी म्हटलं. "त्याचे अजून दीडशेवर जीव आहेत. तो तुमच्याकडे वळला."

"पळतो," अण्णा म्हणाले.

हसू असं फुटलं, की पडवीतल्या एकाचा चहा सांडला. शकिला रडता रडता हसत होती; नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "अण्णा, मग आलात कशाला परत?"

अण्णा गजांजवळ आले. "मी त्याला मारायला नव्हतोच आलो. तो माझ्या मागे लागला की कुसुमताई तुझ्या शेरबानूला उचलेल. तिला तिथं टाकून कसं यायचं?"

आत्याने मागोमाग वर येऊन तिला उचललं. लखू पळाला, ड्रॅगन त्याच्या मागे पळाला, गावकरी सुटले आणि शेरबानू त्यांच्या खांद्यावरून बुरुजाबाहेर आली. ड्रॅगन आहे तसाच राहिला. मग सगळ्यांना वडे-मटण आलं, शकिलाला फुफीने घास भरवले आणि आम्हाला तांदळाची गोड सांजणं बांधून दिली. निघताना शकिलाने मला खुणेने जवळ बोलावलं.

"सोपं नाही ना केलंस?"

"नाही."

"बघत होते मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी अंगण भरलेलं होतं. शकिला गाडीत बसली आणि काच खाली करून आम्हा सगळ्यांकडे बघून चांगली हसली. गुहागरकडच्या पाहुण्यांतली एक म्हातारी हनुवटीला बोट लावून म्हणाली, "काय गो ही पोरगी! रडत नाय ती?"

फुफी पदर खोचून पुढे झाली. "तिचं रडून झालंय," ती म्हणाली. "कालच. मी स्वतः होते तिथं."